शाळेचा खर्च कापला की नेमकं कुणाचं काय जातं?

तिसरा_बाक (धागाकर्ती)

या वर्षी आमच्या शाळेतलं एक पद गेलं. बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी कुणाला नेमायचं नाही असं वरून कळवण्यात आलं. त्या मागे पडलेल्या मुलांचा वेगळा वर्ग घ्यायच्या. रोज पाऊण तास, वाचन आणि साधं गणित. शाळेच्या एकूण खर्चात ही कपात दिसतसुद्धा नाही, इतकी लहान.

त्या वर्गात अकरा मुलं होती आणि मी त्यांची वर्गशिक्षिका आहे. सहा महिन्यांनी सहज मोजलं. पाच जणांना घरच्यांनी शिकवणी लावली. दोघांना मोठी भावंडं शिकवतात. उरले चार. त्या चौघांच्या घरी शिकवणीला पैसे नाहीत आणि संध्याकाळी शेजारी बसून धडा वाचून घेईल असं माणूसही नाही. शाळेनं अकराही जणांचा तोच पाऊण तास काढून घेतला, सात जणांना तो दुसरीकडून मिळाला. हे चौघे आता वर्गात गप्प बसतात. त्रास देत नाहीत, म्हणून कुणाच्या डोळ्यावरही येत नाहीत.

मला एवढंच मांडायचं आहे. कागदावर कपात सगळ्यांना सारखी असते. प्रत्यक्षात ज्याच्या घरी दुसरा आधार आहे त्याचे आईबाप ती खिशातून भरून काढतात, आणि ज्याच्याकडे नाही त्याच्यावर ती पुरी कोसळते.

पैसे कमी पडले की काय कापायचं याचाही एक क्रम ठरून गेलेला असतो. शाळेच्या खर्चातला मोठा भाग पगाराचा. नेमलेल्या माणसांना वर्षाच्या मध्यात काढता येत नाही, इमारत विकता येत नाही. मग हात घातला जातो तो सुट्या खर्चाला. वाचनालय, बस, समुपदेशक, तपासणीला येणारी परिचारिका, स्वच्छतागृहाची दुरुस्ती, जादा तास. हे सगळं "मूळ शिक्षण" नव्हे म्हणून आधी जातं. ज्याच्या घरी पुस्तकं आहेत त्याला शाळेचं वाचनालय ही जास्तीची सोय असते, पण ज्याच्या घरी एकही पुस्तक नाही त्याचं वाचनालय तेच. चष्मा लागलाय हे परिचारिकेनं सांगितलं नाही तर त्याला ते कळणार कधी? आमच्या वाचनालयाला दोन वर्षं कुलूप आहे. पुस्तकं आत आहेत, उघडायला माणूस नाही.

तुमच्याकडे काय दिसतं ते लिहा. आकडे असतील तर आकडे, अनुभव असेल तर अनुभव.

पाटीपेन्सिल

वाचतेय. वाचनालयाच्या कुलपाचं वाचून गलबललं. आमच्याकडेही अगदी हेच.

आकडेमोड

ताई, तुम्ही अकरा मुलांत मोजलंत ते मोठ्या प्रमाणावरही मोजलं गेलं आहे. २००८ च्या मंदीनंतर अमेरिकेत राज्य सरकारांचा महसूल आटला आणि शाळांना कात्री लागली. किराबो जॅक्सन हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळातल्या आकडेवारीचा अभ्यास केला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथं कपात मोठी होती तिथं चाचण्यांमधले गुण घसरले, पुढे महाविद्यालयात जाणारी मुलं कमी झाली, आणि काळ्या-गोऱ्या मुलांमधलं अंतर वाढलं. तिकडे शाळांचा पैसा काही अंशी स्थानिक मालमत्ता करातून येतो आणि काही अंशी राज्याकडून. श्रीमंत वस्तीतली शाळा स्थानिक करावर बरीचशी तगते. गरीब वस्तीतल्या शाळेची सारी भिस्त राज्याच्या मदतीवर. राज्यानं हात आखडला की तीच आधी बुडते.

इंग्लंडचा हिशेब तर फार बोलका आहे. तिथल्या 'इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज' या संस्थेनुसार २००९-१० ते २०१९-२० या दहा वर्षांत प्रति विद्यार्थी शालेय खर्च महागाई वजा जाता ९ टक्क्यांनी घटला. माध्यमिक शाळांचे गट पाडले तर सर्वांत वंचित शाळांमध्ये घट १४ टक्के आणि सर्वांत सुस्थितीतल्या शाळांमध्ये ९ टक्के. म्हणजे कपात कागदावरसुद्धा सारखी नव्हती.

उलट दिशेचा पुरावाही देतो. जॅक्सन, जॉन्सन आणि पर्सिको यांचा २०१६ चा अभ्यास. अमेरिकेत १९५५ ते १९८५ दरम्यान जन्मलेली मुलं त्यांनी मोठी होईपर्यंत आकडेवारीत पाहिली. बाराही इयत्तांत खर्च १० टक्के जास्त मिळाला तर शिक्षण सरासरी ०.३१ वर्षांनी वाढतं, मोठेपणीची मजुरी सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, आणि प्रौढपणी गरिबीत असण्याचं प्रमाण ३.२ टक्केबिंदूंनी कमी होतं. गरीब घरांतल्या मुलांवर हा परिणाम कितीतरी ठळक होता.

उलट_तपासणी

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. पैसा ओतला की मुलं शिकतात हे इतकं सरळ नाही. इंडोनेशियाने २००५ च्या कायद्यानं प्रमाणपत्र मिळवलेल्या शिक्षकांचं मूळ वेतन दुप्पट केलं. त्यावर काळजीपूर्वक प्रयोग झाला, निष्कर्ष २०१८ मध्ये आले. शिक्षक जास्त समाधानी झाले, मुलांच्या शिकण्यात फरक पडला नाही. केनियात ग्रामीण शाळांना पाठ्यपुस्तकं फुकट वाटली तर सरासरी गुण वाढले नाहीत, फक्त आधीपासून हुशार असलेल्यांचे वाढले. हे दोन्ही अभ्यास ऐऱ्यागैऱ्यांचे नाहीत.

तेव्हा प्रश्न असा की, खर्च वाढवून फरक पडत नसेल तर कमी करून तरी एवढा का पडावा? सरकारं कर्जात आहेत. प्रत्येक कपात हा गरिबांवर हल्लाच, अशी भाषा झाली की वाया जाणाऱ्या पैशाबद्दल कुणी बोलतच नाही.

तिसरा_बाक

> खर्च वाढवून फरक पडत नसेल तर कमी करून तरी एवढा का पडावा?

प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. केनियाचंच उदाहरण घेऊ. ती पाठ्यपुस्तकं इंग्रजीत होती आणि तिथल्या बऱ्याच मुलांची ती तिसरी भाषा. पुस्तकच वाचता येत नसेल तर फुकट मिळून उपयोग काय? पैसा खर्च झाला, पण वर्गातल्या मागे पडलेल्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवून झाला नाही, म्हणून तो पुढच्यांच्या कामी आला. यातून पैसा निरुपयोगी असं निघत नाही. तो कुणाला नजरेसमोर ठेवून खर्च करता यावर सगळं आहे, असं निघतं.

कपात करताना तर ही नजर मुळीच नसते. कोणता खर्च वाया जातोय हे शोधून तो कापला असं मी माझ्या नोकरीत एकदाही पाहिलं नाही. जे कापायला सोपं ते कापतात. निवृत्तीनंतर रिकामी झालेली जागा भरायची नाही, हा सर्वांत सोपा मार्ग. मग कोणतं पद जाणार? जे शिक्षक त्या वर्षी निवृत्तीच्या वयाला पोचले त्यांचं. मुलांच्या गरजेशी त्याचा काही संबंध नाही. आमच्या बाईंऐवजी दुसऱ्या कुणाचं वय झालं असतं तर ते पद गेलं असतं.

वाया जाणाऱ्या पैशाबद्दल जरूर बोलू, मला आवडेल. पण वाचवलेला पैसा त्याच मुलांकडे वळवायचा असेल तरच.

उंबरठा

इथं सहसा लिहीत नाही, फक्त वाचते. पण तुमच्या त्या चौघांचं वाचून राहवलं नाही.

सातवीपर्यंतची शाळा घराजवळ होती. आठवीला पुढच्या गावी जायचं. तिथं जाणाऱ्या मुलांना प्रवासात सवलत मिळायची, ती मी आठवीत गेले त्याच वर्षी बंद झाली. शाळेची फी नव्हतीच, त्यामुळे कुणी विचारलं असतं तर शिक्षण मोफतच आहे असंच उत्तर मिळालं असतं. घरात मी आणि मोठा भाऊ. दोघांच्या भाड्याची बेरीज वडिलांनी एकदा केली, पुन्हा केली, आणि मला म्हणाले, तू यंदा थांब. त्यांनी ते रागानं म्हटलं नाही. मान खाली घालून म्हणाले.

एक वर्ष घरी होते. दुसऱ्या वर्षी जुन्या शाळेतल्या एका बाईंनी माझं भाडं भरलं म्हणून परत गेले. माझ्याबरोबर आणखी तीन मुली थांबल्या होत्या, त्यांच्यापैकी कुणी परत आलं नाही. वर्षभरात हाताला घरकामाची सवय झालेली, वर्गात आपण सगळ्यांत मोठ्या दिसू ही लाज, आणि एकीचं तर लग्न ठरलेलं. पुढे ती सवलत पुन्हा सुरू झाली असं ऐकलं. त्या तिघींना त्याचा काय उपयोग?

कपात करणाऱ्यांना वाटत असेल की पैसे आले की पुन्हा सुरू करू. रस्ता दोन वर्षं उशिरा झाला तरी तोच रस्ता होतो. तेरा वर्षांची मुलगी दोन वर्षं थांबत नाही हो.

पाटीपेन्सिल

उंबरठा, लिहिलंत हे फार बरं केलंत.

आकडेमोड

उंबरठाताई म्हणतात ती गोष्ट धोरणकर्त्यांच्या नजरेतून नेहमी निसटते. फी माफ आहे म्हणजे शाळा फुकट, असं नसतं. प्रवास, वह्या, कपडे, आणि मूल शाळेत गेल्यामुळे घराची बुडणारी मजुरी.

इंग्लंडमध्ये याच कारणासाठी २००४ पासून कमी उत्पन्नाच्या घरांतल्या १६ ते १९ वर्षांच्या मुलांना शिकत राहण्यासाठी आठवड्याला ३० पौंडांपर्यंत भत्ता मिळायचा. काटकसरीच्या धोरणात २०११ मध्ये तो तिथं बंद झाला. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडने मात्र चालू ठेवला. एकाच देशात कुणी काय वाचवायचं ठरवलं ते इथं दिसतं.

लहान मुलांचंही सांगतो. १९९९ मध्ये तिथं 'शुअर स्टार्ट' नावाची केंद्रं सुरू झाली. पाच वर्षांखालची मुलं आणि त्यांचे पालक यांच्यासाठी आरोग्य, खेळ, बालसंगोपन, पालकांना सल्ला, सगळं एका छपराखाली. २०१० नंतर त्यांचा खर्च जवळजवळ दोन तृतीयांशांनी कमी झाला आणि अनेक केंद्रं बंद पडली. २०२४ मध्ये अभ्यास आला, की जवळ असं केंद्र असलेल्या भागातल्या गरीब मुलांची सोळाव्या वर्षीच्या परीक्षेतली कामगिरी सरस होती. हा निष्कर्ष हाती यायला मुलं सोळा वर्षांची व्हावी लागली, आणि केंद्रं त्याच्या कितीतरी आधी बंद झालेली. शिक्षणाचं फळ पंधरा-वीस वर्षांनी दिसतं, वाचवलेला पैसा त्याच वर्षीच्या ताळेबंदात दिसतो. म्हणून इथं कात्री चालवणं सोपं जातं.

जुनी_पानं

हा वाद आपल्याला नवा नाही. १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या शिक्षण आयोगापुढे, म्हणजे हंटर आयोगापुढे, दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी हाच हिशेब मांडला होता. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो, आणि शिक्षणावर होणाऱ्या खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो. वरच्यांना शिकवलं की विद्या आपोआप खाली झिरपेल, या तेव्हाच्या समजुतीवर त्यांनी नेमकं बोट ठेवलं. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळलं गेलं. पैसा कुठून आणणार, हा आक्षेप तेव्हाही होताच. त्यानंतर पाच वर्षांनी, १९१७ मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. संस्थानाची तिजोरी काही ब्रिटिश सरकारच्या तिजोरीपेक्षा मोठी नव्हती.

आता जोतीरावांच्या हिशेबाशेजारी युनिसेफचा २०२३ चा अहवाल ठेवून बघा. सार्वजनिक शिक्षणखर्चातला केवळ १६ टक्के वाटा सर्वांत गरीब २० टक्के विद्यार्थ्यांपर्यंत पोचतो, सर्वांत श्रीमंत २० टक्क्यांकडे २८ टक्के जातो. कमी उत्पन्नाच्या देशांत तर ११ आणि ४२. कारण साधं आहे. वरच्या इयत्तांचा आणि उच्च शिक्षणाचा दरडोई खर्च जास्त, आणि गरीब मूल तिथवर पोचतच नाही. म्हणजे कपात होण्याआधीच त्याचं ताट अर्धं. त्यातून आणखी काढायचं म्हणतोय आपण.

हिशेबवही

उलट_तपासणी यांचा कर्जाचा मुद्दा सुटून जाऊ नये असं वाटतं, कारण तो खोटा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या हिशेबाप्रमाणे ३३० कोटी लोक अशा देशांत राहतात जिथं सरकार शिक्षणापेक्षा किंवा आरोग्यापेक्षा व्याजावर जास्त खर्च करतं. अर्थमंत्र्याचे हात खरोखर बांधलेले असतात.

पण हे आधीही घडून गेलंय. १९८० च्या दशकात आफ्रिकेतले अनेक देश कर्जात अडकले. कर्ज देणाऱ्या संस्थांच्या अटींपुढे सरकारी खर्च आवळला गेला आणि प्राथमिक शाळेच्या खर्चाचा भार पालकांवर टाकला गेला. रक्कम मोठी नसायची, पण तेवढीसुद्धा नसणाऱ्यांची मुलं शाळेबाहेर राहिली. ती किती होती हे फी काढल्यावर कळलं. मलावीनं १९९४ मध्ये फी रद्द केली आणि पटावरची मुलं सुमारे १९ लाखांवरून जवळपास ३० लाखांवर गेली. युगांडात १९९७ मध्ये सुमारे ३१ लाखांवरून ५३ लाखांवर. केनियात २००३ मध्ये दहा लाखांहून अधिक मुलं नव्यानं आली. ही मुलं काल जन्मलेली नव्हती. शाळेच्या फाटकाबाहेरच उभी होती इतकी वर्षं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. मलावीत मुलं आली, पण त्या मानानं शिक्षक आणि खोल्या आल्या नाहीत. एका शिक्षकासमोर शंभराहून जास्त मुलं असलेले वर्ग झाले. दार उघडलं, आत काहीच ठेवलं नाही, तर तीही कपातच.

आणि आता पुन्हा तीच वेळ आलीय. युनिसेफनं २०२५ मध्ये अंदाज दिला आहे, की श्रीमंत देशांकडून शिक्षणासाठी येणारी मदत २०२६ पर्यंत ३.२ अब्ज डॉलरनी, म्हणजे २०२३ च्या तुलनेत २४ टक्क्यांनी घटेल आणि आणखी ६० लाख मुलं शाळेबाहेर जाण्याचा धोका आहे. जगात तेव्हाच २७ कोटी २० लाख मुलं शाळेबाहेर होती.

उलट_तपासणी

उंबरठा यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. सवलत बंद होताना त्या फाइलवर "वार्षिक बचत" असा एक आकडा लिहिला गेला असेल. त्या तीन मुली त्या आकड्यात कुठंच नसतील. हे मी माझ्या मांडणीत धरलं नव्हतं, मान्य करतो.

माझा मूळ मुद्दा सोडत नाही, पण असा बदलतो. वाया जाणारा खर्च शोधायचाच असेल तर आधी सर्वांत गरीब मुलापर्यंत काय पोचतं ते बघावं. त्याच्यापर्यंत जे पोचतं ते शेवटी हाताळायचं.

एक विचारतो. सामान्य माणसाला कपात झालीय हे ओळखायचं कसं? भाषणांत तर दर वर्षी "विक्रमी तरतूद" असते.

आकडेमोड

चांगला प्रश्न. तरतूद बघूच नका. अंदाजपत्रकात सहसा तीन आकडे सापडतात. आधी जाहीर केलेली तरतूद, वर्षाच्या मध्यातला सुधारित अंदाज आणि नंतर कळणारा प्रत्यक्ष खर्च. कपात बहुतेक वेळा पहिल्या आणि तिसऱ्याच्या मधल्या फटीत होते, जाहीर न होता. पैसे मार्चच्या तोंडावर आले तरी कागदावर "दिले" असंच दिसतं. शाळेला मात्र ते वर्ष त्यांच्याशिवायच काढावं लागलेलं असतं.

नंतर महागाई वजा करा. रक्कम तीच राहिली आणि महागाई ६ टक्के असेल, तर ती कपातच. मग मुलांच्या संख्येनं भागा. आणि शेवटी मंजूर पदं किती, भरलेली किती. ताईंच्या शाळेतलं पद कोणत्याही भाषणात "कपात" म्हणून आलं नसेल.

२०१५ मध्ये दक्षिण कोरियात इंचेऑनला जमलेल्या देशांनी शिक्षणखर्चाचं ठरवलेलं प्रमाण देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) किमान ४ ते ६ टक्के किंवा सरकारी खर्चाच्या किमान १५ ते २० टक्के. आपल्या कोठारी शिक्षण आयोगानं तर १९६६ मध्येच राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्क्यांचं सांगितलं होतं.

उंबरठा

ताई, त्या चौघांचं पुढे काय झालं? जमलं तर कळवा.

तिसरा_बाक

सगळ्यांचे आभार. आकडेमोड यांनी सांगितल्याप्रमाणे मंजूर आणि भरलेल्या पदांचा पाच वर्षांचा तक्ता मी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीसाठी तयार केलाय. पालकांपैकी दोघं तो वाचून दाखवायला तयार आहेत.

उंबरठा, त्या चौघांबद्दल. मुख्याध्यापकांकडून वाचनालयाची किल्ली मागून घेतली. मंगळवारी आणि शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतर माझा एक तास मोकळा असतो, तेव्हा उघडते. धूळ आम्हीच झाडली. चौघांपैकी तीन मुलं येतात. एक जण अजून बोटानंच ओळ धरतो, पण गेल्या शुक्रवारी पहिल्यांदा पान स्वतःहून उलटलं.

चौथा थांबत नाही. मधल्या सुट्टीतच घरी जातो. आधी वाटलं कंटाळतो. परवा विचारलं तर म्हणाला, धाकटी बहीण तीन वर्षांची आहे, ती जायची ती बालवाडी बंद झाली. आई कामावर जाते. सकाळी शेजारच्या आजी बघतात, दुपारनंतर हा.

उद्या त्याच्या घरी जाऊन आईशी बोलणार आहे. बहिणीला घेऊनच शाळेत ये म्हणावं का, असं मनात आहे, पण वर्ग चालू असताना तीन वर्षांच्या मुलीकडे बघायचं कुणी? इथं कुणी असं काही केलं असेल तर आज रात्रीपर्यंत लिहा.